दिवसाआडची हाक

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेधा वारली. मी तिच्याजवळ होतो. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, सकाळी साडेदहा वाजता, माझ्या घरासमोरच्या फुटपाथवर उभं राहून एक बाई मोठ्याने म्हणाली, "विश्वास कारखानीस, साक्षीला बाहेर या."

मी पडदा जरासा सरकवून पाहिलं. अंगात वकिलाचा काळा कोट, गळ्याला पांढऱ्या पट्ट्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. सातपुते वकीलबाई. दाराला बेल होती आणि ती चालूही होती, पण त्यांनी बेलला हात लावला नाही. तीन वेळा हाक मारली, घड्याळ पाहिलं, कोटाचा घेर सावरत सायकलवर बसल्या आणि निघून गेल्या.

नायमेखनमध्ये, या डच गावात, लोक रस्त्यावर ओरडत नाहीत. आमच्या गल्लीत कुत्रं भुंकलं तर मालक त्याच्या वतीने माफी मागतो. समोरच्या घरातले गृहस्थ खिडकीत येऊन उभे राहिले होते. मी पडदा सोडला आणि पुन्हा आडवा झालो. एक दिवस गेला. त्याच्या पुढच्या दिवशी, साडेदहाला, पुन्हा तीच हाक.

वकीलबाईंना ओळखणाऱ्याला यात वेड लागल्यासारखं काही वाटलं नसतं. त्या प्राचीन रोमच्या कायद्याप्रमाणे चालल्या होत्या. अडीच हजार वर्षांपूर्वी रोमच्या लोकांनी आपला कायदा बारा पाट्यांवर लिहून चौकात लावला होता. त्यात असं आहे म्हणे की साक्षीदार येत नसेल, तर ज्याला साक्ष हवी त्याने दर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारासमोर जाऊन हाका माराव्यात. आणि रोमन लोक मोजताना आजचा दिवसही धरत, त्यामुळे तिसरा दिवस म्हणजे दिवसाआड. "आपला तेरावा मोजतो की नाही आपण, माणूस गेला त्या दिवसापासून? तसंच," असं त्यांनी मला पूर्वी कधीतरी समजावलं होतं. तेव्हा तेराव्याशी माझा काही संबंध नव्हता. मेधाचा तेरावा पुण्याला तिच्या भावाने केला. मी तो स्क्रीनवर पाहिला.

नलिनी सातपुते यांनी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात चौदा वर्षं वकिली केली. मग त्यांच्या यजमानांना इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि त्या कोट बॅगेत घालून मागोमाग आल्या. इथे त्यांच्या सनदेचा उपयोग नव्हता. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्या डच शिकण्याच्या वर्गाला जाऊ लागल्या. तिथली शिक्षिका एकदा सगळ्यांना इथल्या संग्रहालयात घेऊन गेली. हे गाव मुळात रोमन सैन्याच्या छावणीचं. माती उकरली की भांडी निघतात. काचेमागच्या त्या भांड्यांकडे पाहून वर्गातले लोक पुढे सरकले, वकीलबाई मात्र शिक्षिकेला विचारत राहिल्या, "यांची भांडणं कोण मिटवायचं?" शिक्षिकेला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात वकीलबाईंना क्रिंगलूपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, रोमन कायद्याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्याची बांधणी सुटलेली होती. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर लेबल लावलं, जसं शाळेत लावतात.

"इथला कायदा इथल्यांचा," त्या म्हणायच्या. "भारताचा कायदा भारतात राहिला. पण हा आता कुणाचाच नाही. म्हणजे इथं मी कुणापेक्षा परकी नाही."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. कुणीही काहीही गाऱ्हाणं घेऊन आलं की त्या हात वर करून थांबवायच्या आणि म्हणायच्या, "आधी प्रश्न एका वाक्यात आणा." रोममध्ये दावा दोन टप्प्यांत चाले. पहिल्यांदा प्रेटर नावाचा अधिकारी दोन्ही बाजूंना समोर उभं करून भांडण नेमकं कशाचं आहे ते एका वाक्यात बसवून द्यायचा. मग ते वाक्य घेऊन दोघं एका साध्या नागरिकाकडे जायचे, दोघांनी मिळून पसंत केलेल्या. तो निकाल द्यायचा. त्याला कायदा यायलाच हवा असं नव्हतं. वकीलबाई स्वतः कायम प्रेटर असायच्या. साधा नागरिक म्हणून पुष्कळदा माझी नेमणूक व्हायची, कारण मी फारसा बोलत नाही आणि माझ्या घरात पुस्तकं आहेत.

मोदकपात्राचा दावा माझ्यासमोर चालला. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या मानेवहिनींनी गणपतीत आपलं मोदकपात्र जोगळेकरांना दिलं. परत आलं तेव्हा त्याला पोचा होता आणि झाकण बसत नव्हतं. जोगळेकर म्हणाले, पोचा आधीपासून होता. व्हॉट्सॅपवर तीन आठवडे भांडण चाललं. लोक दोन्ही बाजूंना अंगठे देत होते.

वकीलबाईंनी मानेवहिनींना सांगितलं, "प्रतिवादीला घेऊन या."

"मी घेऊन येऊ? अहो, मेसेज टाका ना त्यांना."

"रोममध्ये पोलीस नव्हते समन्स बजावायला. ज्याची तक्रार, त्यानेच समोरच्याला हाताला धरून आणायचं."

"त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे."

वकीलबाईंनी पुस्तक उघडलं. खूण आधीच घातलेली होती. प्रतिवादी आजारी किंवा म्हातारा असेल तर वादीने त्याला वाहन द्यावं, असं बारा पाट्यांत आहे. मानेवहिनींकडे बाकफिट्स होती, म्हणजे पुढे लाकडी खोका असलेली सायकल, ज्यात इथले लोक मुलं आणि किराणा नेतात. एका रविवारी मानेवहिनींनी जोगळेकरांना त्या खोक्यात बसवून, प्लास्टरचा पाय बाहेर काढून, सव्वातीन किलोमीटर आणलं. जोगळेकरांनी खाली उशी मागितली होती. वकीलबाईंनी फोनवरच नाकारली. "वाहन देणं सक्तीचं आहे. गादी घालायची सक्ती नाही. तसं स्पष्ट लिहिलंय."

आमच्या घरी पोचेपर्यंत दोघंही घामाघूम झाले होते आणि गुडघेदुखीवर बोलत होते. वकीलबाई मेधाच्या कानात म्हणाल्या, "बघितलंस? अर्धे दावे तिथं वाटेतच मिटायचे."

हा मात्र मिटला नाही. चाळीस मिनिटं खपून वकीलबाईंनी वाक्य तयार केलं: मोदकपात्र दिलं तेव्हा पोचा नव्हता आणि परत आलं तेव्हा होता, असं दिसलं तर जोगळेकरांनी नवीन द्यावं, तसं दिसलं नाही तर त्यांना मोकळं सोडावं. बोलायला वेळ मोजून मिळाला. रोममध्ये त्यासाठी पाण्याचं घड्याळ असायचं. इथे आमच्या सिंकवर झाकणाला भोक पाडलेली बाटली उलटी टांगली होती. ती रिकामी होईपर्यंत बोलायचं. मेधाला साक्षीला बोलावलं तेव्हा वकीलबाईंनी आधी तिच्या कानाच्या पाळीला बोट लावलं. साक्षीदाराला असं बोलावत असत. कान लक्षात ठेवतो, अशी त्यांची समजूत असावी. मेधा इतकी हसली की तिची बाटली फुकट गेली.

मी सगळं ऐकलं. पात्र उलटंसुलटं करून पाहिलं. मला खरंच ठरवता येईना. मी तसं म्हणालो. मला वाटलं वकीलबाई चिडतील. त्या उलट खूश झाल्या. "तशी सोय आहे," म्हणाल्या. "न्यायाधीशाला समजलं नाही तर त्याने शपथेवर सांगायचं, मला हे उलगडलं नाही. मग तो सुटला. दुसरा न्यायाधीश नेमायचा."

मी शपथ घेतली. मेधा ओट्यापाशी उभी होती. "विश्वासला कधीच काही उलगडत नाही," ती म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वी याच्यासाठीच केलाय हा कायदा."

दुसरे न्यायाधीश म्हणून वकीलबाईंचे यजमान सातपुते आले. त्यांनी सरळ रबरी हातोडीने तो पोचा काढून टाकला. झाकण बसलं. वकीलबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुरावा नष्ट केला म्हणून.

वकीलबाईंच्या शेजारी योके नावाच्या डच बाई राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. एकट्याच असतात. योकेंच्या अक्रोडाच्या झाडाची एक फांदी वकीलबाईंच्या बागेत येते आणि शरद ऋतूत अक्रोड इकडे पडतात. योकेंनी त्या अक्रोडांविषयी कधी एक शब्द काढला नव्हता. वकीलबाईंनी त्यांना डचमध्ये पत्र लिहिलं: तुमची फळं माझ्या जमिनीत पडली तरी ती तुमचीच आहेत, आणि दर तिसऱ्या दिवशी येऊन ती वेचण्यापासून मी तुम्हाला अडवू शकत नाही. योके पत्र हातात धरून बेल वाजवत आल्या. त्यांना वाटलं शेजारीण फांदी तोडायला सांगते आहे. मग त्या दिवसाआड येऊ लागल्या. अक्रोड संपले, थंडी पडली, तरी येत राहिल्या. सातपुते मला एकदा म्हणाले, "आमच्याकडं दिवसाआड कॉफीला तीन कप लागतात. कायदाच आहे तसा." तेव्हा मी हसलो होतो.

तर अशा या बाई माझ्या दारासमोर उभ्या राहत होत्या आणि मी दार उघडत नव्हतो.

मी कुणालाच उघडत नव्हतो. ऑफिसने सुट्टी दिली होती. आम्हाला मूल नाही. मंडळातल्या लोकांनी पहिले दहा दिवस डबे आणले, ते मी घेतले आणि धुऊन पायरीवर ठेवले. मला एक गोष्ट माहीत होती आणि ती दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती, अशी माझी समजूत होती. मंगळवारी संध्याकाळी मेधा म्हणाली होती, "पाठीत फार दुखतंय. हाउसआर्ट्सना फोन करूया का?" हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. मी वाचत होतो. मी म्हणालो, "उद्या करू. आता लावला तर नुसतं ताटकळत ठेवतात." बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरात पडली. गुरुवारी गेली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीण बाईंना मी विचारलं, मंगळवारी आणली असती तर? त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, सांगता येत नाही.

मी मात्र उत्तर देऊन टाकलं होतं. स्वतःला, रोज.

हाका चालू राहिल्या. समोरच्या गृहस्थांनी एकदा वकीलबाईंना अदबीने विचारलं की हा धार्मिक विधी आहे का. त्या म्हणाल्या, नाही, न्यायालयीन आहे. तेव्हा ते आत गेले. एकदा गारा पडत होत्या. त्या तीन हाका मारूनच गेल्या. सातव्या वेळेला मी पलंगावर पडून वाट पाहत होतो असं माझ्या लक्षात आलं. साडेदहा झाले, आणि हाक आली नाही. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मग एक वेगळाच, कापरा आवाज आला. "फिशवास कारगानीस."

मी पडदा सरकवला. वकीलबाईंचा घसा बसला होता. त्या कोट घालून नुसत्या उभ्या होत्या आणि त्यांच्या जागी योके दोन्ही हात तोंडाशी धरून माझं नाव ओरडत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्या रस्त्यावर कधी ओरडल्या नसाव्यात. त्या लाजून लाल झाल्या होत्या. तरी दुसऱ्यांदा ओरडल्या.

मी खाली जाऊन दार उघडलं.

वकीलबाई आत आल्या, स्वयंपाकघरात बसल्या, योकेंनाही बसवलं. बसलेल्या आवाजातच म्हणाल्या, "निकाल कुणी दिला?"

"कसला निकाल?"

"तुमच्यावरचा. अंत्यविधीनंतर त्या क्रेमॅटोरियममध्ये कॉफी चालली होती तेव्हा तुम्ही आमच्या ह्यांना म्हणालात, 'मी उद्या म्हणालो.' एवढंच. ह्यांना कळलं नाही. मी चौदा वर्षं कबुलीजबाब ऐकलेत, विश्वासराव."

मी खुर्ची ओढून समोर बसलो.

"वादी कोण?"

"मी."

"प्रतिवादी?"

"मीच."

"आणि न्यायाधीशही तुम्हीच. तिन्ही खुर्च्या तुम्हीच धरून बसलाय. दुसऱ्या कुणाला टेकायला जागा ठेवली नाहीत." त्या खोकल्या. "साक्ष झाली नाही, युक्तिवाद झाला नाही. हा एकतर्फी निकाल आहे. तो मी उठवून घेणार. प्रश्न एका वाक्यात आणा."

मला राग आला. मी म्हणालो, "वहिनी, हा खेळ नाही."

"खेळ असता तर गारांत उभी राहिले असते का?"

योकेंना मराठी येत नाही. त्या एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर किराणा लिहायला मेधाने ठेवलेला खडू होता. मी तो उचलला. मग लिहिलं: विश्वासने मंगळवारी फोन केला असता तर मेधा आज असती, असं दिसलं तर तो दोषी, दिसलं नाही तर नाही.

वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं. एक शब्दही बदलला नाही. न्यायाधीश म्हणून योकेंना नेमलं, फळ्यावरचं वाक्य आणि नियम त्यांना डचमध्ये सांगितले. मला चालेल का, असं रीतसर विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी सिंकखालून ती भोकाची बाटली काढली, भरली, टांगली आणि माझ्याजवळ येऊन माझ्या कानाच्या पाळीला बोट लावलं. बोट गार होतं. क्रेमॅटोरियमनंतर मला कुणाचा हात लागला नव्हता.

साक्ष डचमध्ये द्यावी लागली. माझं डच कामापुरतं आहे. त्या भाषेत मला फिरवून बोलता येत नाही. तिला दुखत होतं. तिने विचारलं. मी वाचत होतो. मी उद्या म्हणालो. तिने चहा केला. मलाही दिला. ती झोपली. हे मी पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. बाटली संपली तरी मी बोलत होतो. वकीलबाईंनी उठून ती पुन्हा भरली. नियमात तसं नाही.

माझं झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता माझ्या बाजूने भाषण करतील. त्यांनी योकेंना एवढंच विचारलं, "तुम्हाला दिसतं का?"

योके पुष्कळ वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते वाचता येत नव्हतं. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि डचमध्ये म्हणाल्या, "मला हे उलगडलं नाही. शपथेवर सांगते." मग हात खाली घेऊन टेबलावर ठेवला, माझ्या हाताशेजारी.

मेधा जिथे उभी राहायची त्या ओट्याकडे मी पाहिलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"दुसरा न्यायाधीश नेमायचा."

"त्यालाही नाही उलगडलं तर?"

"तिसरा. गाव मोठं आहे." त्यांनी कोटाच्या खिशातून डायरी काढली. "तोवर निकाल नाही. दावा प्रलंबित. साताऱ्यात माझे दावे सतरा-सतरा वर्षं पडून आहेत, विश्वासराव. त्यातली माणसं जेवतात, झोपतात, पोरींची लग्नं करतात. तारखेला येतात फक्त."

योके स्वच्छतागृहात गेल्या तेव्हा मी वकीलबाईंना विचारलं की दार उघडलंच नसतं तर काय केलं असतं.

त्या डायरीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहिल्या वर्षी माझ्या दाराची बेल फक्त पार्सलवाला वाजवायचा. तेही शेजारचं पार्सल ठेवायला. आठ महिने. संध्याकाळी हे आले की माझा आवाज घोगरा यायचा, दिवसभर वापरला नसल्यामुळं. मग एक दिवस मेधा आली. आम्ही फक्त मंडळात एकदा भेटलो होतो. म्हटलं, पार्सल न्यायला आलीस का? म्हणाली, नाही, तुमच्याकडं बसायला आले. मग येतच राहिली. दिवसाआड. तुम्हाला सांगितलं नाही तिनं?"

मेधा दिवसाआड भाजी आणायला जायची. दीड तासाने यायची. मी पुस्तकातून डोकं वर काढून विचारायचो, रांग होती का? ती म्हणायची, हो.

"ते पुस्तक मिळालं नव्हतं तेव्हा," वकीलबाई म्हणाल्या. "पुढं त्यात वाचलं की बाहेर न येणाऱ्याच्या दारात दिवसाआड जावं. मला वाटलं, अरे, हे तर मेधाचंच." त्यांनी डायरी मिटली. "तिचा एक दावा मी चालवते आहे, एवढंच."

त्यानंतर तीन न्यायाधीश झाले. सातपुते, मानेवहिनी, आणि समोरचे ते गृहस्थ, जे आता टाय लावून येतात. तिघांनीही तीच शपथ घेतली. मी दर वेळी साक्ष देतो. हल्ली ती एका बाटलीत संपते. जोगळेकरांचं नाव पुढे आहे, पण त्यांची अट आहे की त्यांना बाकफिट्समधून आणू नये.

मी कामावर जाऊ लागलो आहे. तारखेच्या दिवशी उशिरा जातो. वकीलबाई अजून बेल वाजवत नाहीत. फळ्यावरचं वाक्य मी पुसलेलं नाही, त्याच्याखाली किराणा लिहितो.

मेधा नाही. दावा प्रलंबित आहे. पुढची तारीख परवा, साडेदहाला.